कचरापेटीसोबत एक माणूस

नोकरी बदलावी की नाही हा प्रश्न माणसाने आपल्या खोलीत बसून, दार लावून, एकट्याने सोडवायचा असतो असं माझं मत होतं. मत अजून आहे. उपयोग झालेला नाही. कारण शिनच्वांगमधल्या आमच्या गल्लीत संध्याकाळी कचऱ्याची गाडी येते. पियानोची ती एकच धून वाजवत गाडी कोपऱ्यावर वळायच्या कितीतरी आधी सगळी गल्ली पिशव्या धरून उभी असते. कचरा जमिनीला टेकवायचा नाही असा सरकारी नियम आहे, तो हातातच धरायचा. आणि माणसाचे दोन्ही हात अडकले की त्याचं तोंड मोकळं सुटतं. गाडी येते आणि जाते. त्याआधी आणि त्यानंतर आम्ही एकमेकांच्या घरातला बाकीचा कचरा काढतो.

मी कांग मिंग-ते. वय शेहेचाळीस. बिजागऱ्या बनवणाऱ्या एका कंपनीत विभागप्रमुख. तुमच्या लॅपटॉपचं झाकण उघडताना जर करकरलं नाही, तर ते माझ्यामुळे. करकरलं तर तो दुसऱ्या कंपनीचा माल. वीसेक वर्षं मी हे न करकरण्याचं काम करतो आहे आणि स्वतःही कधी करकरलो नाही. मागच्या शरदात माझ्या हाताखालचा मुलगा उपव्यवस्थापक झाला, तेव्हाही नाही. आमचे मालक होंग साहेब माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "कांग, तू आमचा पाया आहेस." पाया म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. त्याच्यावर दुसरे उभे राहतात.

अशा मनःस्थितीत असताना फांग यू-थिंगचा फोन आला. हा मुलगा काही वर्षांपूर्वी आमच्या विभागात शिकाऊ म्हणून होता. बिजागरीची सुरुवात कुठे आणि शेवट कुठे हे मी त्याला शिकवलं. चहा इतका पातळ का करतोस म्हणून झापलंही. आता त्याने स्वतःची कंपनी काढली होती आणि मला कॉफी पाजायला बोलावलं होतं. तो आला तो चपला घालून, पाठीला शाळकरी पिशवी.

"सर, आधी एक सांगतो. आमच्याकडे सर-बिर काही नसतं. सगळ्यांना इंग्रजी नावाने हाक मारायची. मी लिओ. तुमचं काय?"

मला इंग्रजी नाव आहे. लहानपणी संध्याकाळच्या शिकवणीत बाईंनी बाकांच्या क्रमाने नावं वाटली होती, त्यात मला हेन्री आलं. माझ्या शेजारच्या मुलाला हेलन आलं, म्हणून मी कधी तक्रार केली नाही. पण ते नाव मी तिथेच बाकाखाली ठेवून आलो होतो. आता माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान पोरगा मला भर दुकानात "वा, हेन्री" म्हणाला, आणि शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी हेन्री कोण म्हणून मान वळवून बघितलं.

लिओच्या कंपनीचं नाव 'आलोच'. ती चाकं असलेली कचरापेटी बनवते. गाडीची धून ऐकू आली की पेटी आपली आपण उठते, कोपऱ्यावर जाते, गाडीसमोर पुढे वाकून पिशवी सोडते आणि घरी येते. माणसाने सोफ्यावरून उठायचं नाही. मी तिच्या झाकणाचा प्रमुख व्हायचं, असा लिओचा प्रस्ताव होता.

"पेट्या किती तयार आहेत?" मी विचारलं.

"एक."

"आणि माणसं?"

"सात. सगळे प्रमुखच आहेत, हेन्री. आमच्याकडे वरचा-खालचा भेद नाही."

उत्तर चांद्र वर्ष संपायच्या आत द्यायचं होतं. म्हणजे आमच्या कंपनीच्या वर्षअखेरच्या जेवणाआधी. गेलो आणि 'आलोच' बुडाली, तर या वयात मला कोण विचारणार? राहिलो, तर सगळ्या पोरांना खांद्यावर घेत पाया म्हणूनच निवृत्त व्हायचं. मी घरी येऊन बायकोला, श्यू-छिनला, मोठ्या गांभीर्याने सगळं सांगितलं.

ती कोबी चिरत होती. "चांगलं आहे की. जा."

"असं कसं जा? विचार नको करायला?"

"मग कर. पण त्या पेटीला खरकट्याचं काय करायचं ते कळतं का? खरकट्याची बादली वेगळी असते."

मी म्हटलं, ही बारीकसारीक गोष्ट आहे, मुद्दा माझ्या आयुष्याचा आहे. मुलगा व्हायच्या आधी श्यू-छिन एका जहाज कंपनीत खरेदी खातं सांभाळायची. तिथे म्हणे व्यापारी तिला भाव सांगायच्या आधी पाणी प्यायचे. मुलगा झाल्यावर तिने ते सोडलं आणि माझं खातं सांभाळायला घेतलं. मुलगा आता कॉलेजला दक्षिणेत असतो. माझं खातं अजून चालू आहे.

घरात मोठ्या प्रश्नाची कदर नाही म्हटल्यावर मी देवाकडे गेलो. गल्लीच्या टोकाला भूमिदेवाचं छोटं देऊळ आहे. लाकडाच्या दोन चंद्रकोरी ओंजळीत धरायच्या, प्रश्न सांगायचा आणि त्या खाली टाकायच्या. एक पालथी, एक उताणी पडली तर होकार. दोन्ही पालथ्या तर नकार. दोन्ही उताण्या पडल्या तर देवाला हसू आलं असं समजायचं.

देवाला हसू आलं. म्हटलं, प्रश्न मोघम झाला असेल. मग नाव, पत्ता, जन्मतारीख, होंग साहेबांचं पाया प्रकरण, सगळं सविस्तर सांगून पुन्हा टाकल्या. देव पुन्हा हसला. तिसऱ्या वेळी मी झाकणाचा प्रमुख हे पद आणि हेन्री हे नावही सांगितलं. एक कोर उताणी पडली आणि दुसरी उडी मारून टेबलाखाली गेली. ती बघायला मी गुडघ्यांवर आलो, तर समोर लाय साहेबांचे बूट.

लाय साहेब आमचे निवडून आलेले वस्तीप्रमुख. देवळाच्या समितीचे अध्यक्षही तेच. त्यांनी वाकून बघितलं आणि म्हणाले, "हीसुद्धा उताणी. काय मिंग-ते, एवढं काय सांगतोयस देवाला?"

चोराच्या मनात चांदणं. मी म्हणालो, "काही नाही, नोकरीचं जरा." एवढंच म्हणालो. संध्याकाळी गाडीच्या वेळेला कोपऱ्यावर गेलो तेव्हा गल्लीला माझ्यापेक्षा जास्त माहिती होती.

सुरुवात वेई काकूंनी केली. त्या समोरच्या घरात राहतात आणि सगळ्यांच्या घरात असतात. "स्टार्टअप म्हणे. माझ्या भाच्याने काढलं होतं तसलं काहीतरी. छत्र्या भाड्याने द्यायचा. लोक छत्र्या घेऊन गेले ते आजतागायत आलेले नाहीत."

"मग आता?"

"आता तळलेल्या चिकनची गाडी लावतो. तुझ्यापेक्षा बरं चाललंय त्याचं, पण ते जाऊ दे."

आमच्या वरच्या मजल्यावर शाव आजोबा राहतात, बँकेतून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "शेहेचाळिसाव्या वर्षी धोका पत्करू नये. मी जन्मात एकच पत्करला. निवृत्त झाल्यावर पियानो आणला." गल्लीतल्या बऱ्याच लोकांना यावर बोलायचं होतं, कारण तो धोका आजोबांनी नव्हे, आम्ही पत्करलेला आहे. आजोबा एकच धून वाजवतात, कचऱ्याच्या गाडीचीच. ती म्हणे शिकणाऱ्यांच्या पुस्तकात पहिल्याच पानांत असते. तिसऱ्या ओळीत त्यांचं बोट घसरतं. मग ते पहिल्यापासून सुरू करतात. दोन वर्षांत चौथी ओळ आम्ही ऐकलेली नव्हती.

लाय साहेबांची काळजी वेगळीच होती. "पेट्याच खाली आल्या तर माणसं येणार नाहीत. मग निवडणुकीला मी हात कुणाला जोडू? पेट्यांना?"

"आणि मला कळणार कसं कुणाच्या घरी काय चाललंय ते?" वेई काकूंनी विचारलं. हा मात्र खरोखर राष्ट्रीय पातळीवरचा प्रश्न होता.

श्यू-छिन बाजूला उभी राहून सगळ्यांचं ऐकत होती. तिने एवढंच विचारलं, "तीन नंबरच्या सासूबाईंना गुडघ्यांमुळे खाली येता येत नाही, त्यांचा कचरा कोण आणतं?" मला तिची कीव आली. इथे माझ्या भवितव्याचा खल चालला होता आणि ही दुसऱ्याच्या सासूचे गुडघे घेऊन बसली होती.

मी लिओला कळवलं की विचार चालू आहे. तो म्हणाला, "मग असं करा, हेन्री. आठवडाभर पेटीबरोबर राहा. मग ठरवा." आणि दुसऱ्याच दिवशी टेम्पोतून पेटी आली. कमरेएवढी, पांढरी, स्टुलासारखी गोल. आमचं घर तळमजल्यावर, म्हणून लिफ्टचा प्रश्न नव्हता. ती दाराजवळ ठेवली. ती लिओच्याच आवाजात बोलायची: "चला हेन्री, निघू या. आजचा दिवस छान आहे."

"हिला दार कोण उघडून देणार?" श्यू-छिनने विचारलं.

"ते पुढच्या आवृत्तीत येणार आहे, ताई."

"म्हणजे आत्ता मी उठायचं, दार उघडायचं, ती येईपर्यंत दाराशी थांबायचं, आणि माझे हात मात्र मोकळे."

लिओने हे ताबडतोब फोनमध्ये टिपून घेतलं. मला वाटलं, किती नम्र मुलगा, माझ्या घरच्यांचाही मान राखतो.

सकाळी आम्ही चहा घेत असताना वर शाव आजोबांनी पियानो उघडला. पहिली ओळ वाजली आणि पेटी म्हणाली, "चला हेन्री, निघू या." ती गरागरा वळली आणि दारावर जाऊन आदळली. तिसऱ्या ओळीत आजोबांचं बोट घसरलं. पेटी थबकली, जरा अंदाज घेतला आणि परत जागेवर जाऊन बसली. आजोबांनी पहिल्यापासून धरलं. "चला हेन्री, निघू या." धाड. आजोबांचा रियाज दुपारच्या जेवणापर्यंत चालतो. चिकाटी हा गुण किती वाईट असतो ते मला त्या दिवशी कळलं.

पण खरं घोडं अडलं ते रविवारी. रविवारी गाडी नसते. हे गल्लीतल्या मांजरांना माहीत आहे, पेटीला नव्हतं. श्यू-छिन बाजारात गेली होती, मी दूध घ्यायला दार उघडलं, वर पियानो चालू होता, आणि पेटी माझ्या पायावरून निघून गेली. मी चप्पल शोधेपर्यंत ती कोपऱ्यावर जाऊन मोठ्या शिस्तीत उभी राहिली. बरोबर पालिकेच्या कॅमेऱ्यासमोर. दोन दिवसांनी स्वच्छता कार्यालयाचं बोलावणं आलं.

खिडकीतल्या गृहस्थांनी फोटो दाखवला. "हा कचरा तुमचा?"

"हा कचरा नाही, पेटी आहे."

"आत काय होतं?"

"कचरा."

"मग?"

"पण चाकं जमिनीला टेकली होती. कचरा टेकलेला नव्हता."

हा मुद्दा त्यांना नवीन होता. त्यांनी वरिष्ठांना बोलावलं, वरिष्ठांनी नियमांचं पुस्तक आणवलं, मग दोघं डोकी जोडून बसले. माझ्या मागे रांग वाढत होती आणि रांगेतल्या लोकांनाही मतं होती. एक बाई म्हणाल्या, चाक म्हणजे जमीन नव्हेच. एक आजोबा म्हणाले, आमच्या वेळी असलं नव्हतं. शेवटी वरिष्ठांनी चष्मा काढला.

"सोबत माणूस असेल तर ती कचरापेटी. सोबत माणूस नसेल तर तो टाकून दिलेला कचरा."

"आणि ती आपण होऊन चालत असेल तर?"

"तर टाकून दिलेला, चालता कचरा."

या वेळेपुरती समज देऊन त्यांनी मला सोडलं. पण निकाल झाला तो झाला. त्या दिवसापासून माणसाला खाली जावं लागू नये म्हणून बनवलेल्या पेटीबरोबर मला रोज खाली जावं लागू लागलं. पुढे पेटी, मागे मी, हातात खरकट्याची बादली, कारण खरकट्याचं पुढच्या आवृत्तीत होतं. वेई काकू म्हणाल्या, "मिंग-ते, तिला पट्टा बांध, पळून जायची." कोपऱ्यावरच्या कुत्र्याच्या मालकाने, आपल्या जातीचा माणूस भेटल्यासारखी, मला मान लववली.

मी लिओला स्पष्ट सांगितलं की याने माझ्या प्रतिष्ठेला धक्का पोहोचतो आहे. तो खूश झाला. "हे तर फारच भारी, हेन्री. म्हणजे आपली पेटी माणसाला चालायला लावते. आपण आरोग्याच्या क्षेत्रात आहोत." ज्याचा धंदा तासाभरात कचऱ्यातून आरोग्यात जातो, त्याच्या हातात आपली उरलेली वीस वर्षं द्यावीत का, असा मी विचार करू लागलो. पण त्याच्या डोळ्यांत असं काही असायचं, की होंग साहेबांच्या चेहऱ्यावर ते मी आयुष्यात बघितलेलं नव्हतं. म्हणून मी पुन्हा विचार करू लागलो. माझा विचार नेहमीच दोन्ही बाजूंनी चालतो, त्यामुळे पुढे सरकत नाही.

श्यू-छिनचं काम मात्र फोनवर चाललं होतं. सुरुवातीला ती लिओला फैलावर घ्यायला फोन करायची, नंतर लिओच करू लागला. "हे बघ," ती सांगत होती, "गाडी कधी चुकत नाही. आजोबा तिसऱ्या ओळीत चुकतात. तुझ्या यंत्राला म्हणावं, तिसरी ओळ होईपर्यंत गप्प बस. चूक झाली की समज आजोबा आहेत."

दुसऱ्या दिवशी आजोबांनी दुपारपर्यंत रियाज केला आणि पेटी हलली नाही. मग श्यू-छिनने लाय साहेबांना गाठलं. गुडघे दुखणाऱ्या म्हाताऱ्यांच्या दारी पेटी पाठवली आणि सोबतीला साक्षात वस्तीप्रमुख असले, तर लोकांना ते निवडणुकीपर्यंत आठवेल, असं ती म्हणाली. लाय साहेबांचा विरोध त्याच संध्याकाळी मावळला. तीन नंबरच्या सासूबाईंनी खिडकीतून पेटीला हात केला. मी हे सगळं बघत होतो, पण वरवर. माझं चित्त निर्णयात होतं.

वेई काकूंच्या नणंदेची मुलगी आमच्या कंपनीत आहे, हे मी विसरलो होतो. शनिवारी दुपारी खिडकीतून बघतो तर होंग साहेबांची गाडी. वीसेक वर्षांत मालक माझ्या घरी कधी आले नव्हते. मी झटकन टीपॉयवरचा विणलेला रुमाल ओढला आणि पेटीवर घातला. साहेब आले म्हणून दार मोठ्या आदराने सताड उघडं ठेवलं. त्यांनी बूट काढून आमच्या सपाता घातल्या, आणि दाराजवळ छान रुमाल घातलेलं स्टूल दिसल्यावर त्यावर आपली टोपी आणि हातातला सुक्या मशरूमचा भेटीचा डबा ठेवला.

"ऐकतो की तुझं काहीतरी ठरतंय," साहेब बसता बसता म्हणाले.

"छे छे, साहेब. कोण म्हणालं?"

"ठरत नसेल तर बरंच आहे. पुढच्या आठवड्यात जेवण आहे. कोंबडीचं डोकं कुणाकडे करायचं ते मी आचाऱ्याला अजून सांगितलेलं नाही." आणि ते हसले. आमच्याकडे ही जुनी रीत आहे. वर्षअखेरच्या जेवणात ताटातल्या कोंबडीचं डोकं मालक ज्याच्याकडे वळवतो, त्याने नव्या वर्षात दुसरीकडे काम शोधायचं. हल्ली हे सगळे गमतीने म्हणतात. ज्याच्याकडे डोकं असतं तो सोडून.

श्यू-छिनने चहा आणून ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. आता खरं काय ते सांग, असं ते बघणं होतं. मी खरं काय ते सांगितलं नाही. छातीवर हात ठेवून म्हणालो, "साहेब, मी शेवटच्या श्वासापर्यंत बिजागरीचाच."

तेवढ्यात वर पियानो सुरू झाला. मी घाबरलो नाही. तिसरी ओळ येणार, बोट घसरणार, पेटी गप्प बसणार. तिसरी ओळ आली. बोट घसरलं नाही. चौथी ओळ सुरू झाली, जी आम्ही कुणी कधी ऐकलेली नव्हती, आणि ती ऐकताना माझ्या अंगावर काटा आला. दोन वर्षांच्या तपश्चर्येला फळ यायला म्हाताऱ्याला हाच शनिवार सापडला.

"चला हेन्री, निघू या," स्टूल म्हणालं. "आजचा दिवस छान आहे."

आणि रुमाल, टोपी, मशरूम घेऊन ते दाराबाहेर पडलं. साहेब सपाता फटफटवत त्याच्या मागे, मी साहेबांच्या मागे. गल्लीत बघतो तर घराघरांतून लोक पिशव्या घेऊन धावत येत होते. धून न अडखळता पूर्ण वाजली म्हणजे गाडीच आली, असं बिचाऱ्यांना वाटलं. वरून शाव आजोबा अभिनंदन स्वीकारायला उतरले आणि खाली जमलेली गर्दी बघून त्यांचे डोळे भरून आले.

पेटी कोपऱ्यावर पोहोचली, गाडी समोर आहे असं समजून पुढे वाकली, आणि होंग साहेबांची टोपी आणि भेटीचा डबा तिने रस्त्यावर सोडला.

"कचरा जमिनीला टेकला," लाय साहेब म्हणाले. त्यांना कुठे काय बोलावं ते कळत नाही.

साहेबांनी टोपी उचलून झटकली. "हा आवाज त्या फांगचा ना? पातळ चहावाल्या?"

"हो साहेब."

"आणि हेन्री कोण?"

सगळ्या गल्लीने पिशव्या धरलेले हात माझ्याकडे केले.

साहेबांनी पेटीचं झाकण उघडलं. ते करकरलं. पुन्हा उघडलं, पुन्हा करकरलं. "ही बिजागरी आपली नाही," एवढंच म्हणाले, टोपी घातली आणि सपातांसकट गाडीत बसून गेले. वेई काकूंनी मशरूमचा डबा उचलून श्यू-छिनच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "बॉक्स चेपलाय जरासा, पण माल चांगला आहे."

मी रविवारभर पडून राहिलो. सगळ्या गल्लीसमोर, आणि त्याहून वाईट म्हणजे श्यू-छिनसमोर, मी खोटा पडलो होतो. पण संध्याकाळपर्यंत एक गोष्ट झाली. माझा निर्णय झाला. कोंबडीचं डोकं आपल्याकडे वळायची वाट बघत बसण्यापेक्षा आपणच उठून जावं. सोमवारी अर्धी रजा टाकली, लग्नातला कोट काढला. श्यू-छिन सकाळीच बहिणीकडे तामश्वेला गेली होती. म्हटलं बरं झालं, परत आली की एकदम हो करून आलो म्हणून सांगू.

'आलोच'च्या कचेरीत दाराशी चपलांचा ढीग होता. लिओ मला बघून उठला आणि, प्रथमच, "सर" म्हणाला. तेव्हाच मला समजायला हवं होतं.

"लिओ, मी फार विचार केला," मी सुरुवात केली. "आणि मी ठरवलं आहे—"

"मला वाटलं ग्रेस बोलल्या असतील तुमच्याशी," तो खाली बघत म्हणाला.

"कोण ग्रेस?"

त्याने काचेच्या खोलीकडे बोट केलं. आत बाकीचे सगळे प्रमुख ओळीने बसून वहीत उतरवून घेत होते, आणि फळ्यासमोर खडू... नाही, ते रंगीत पेन असतं, ते हातात घेऊन माझी बायको उभी होती. मला बघून ती बाहेर आली.

"बहिणीकडे जाणारच आहे," ती म्हणाली. "इथून."

"तू मला सांगितलं का नाहीस?"

"गुरुवारपासून सांगायचं म्हणतेय. पण तू विचार करत होतास. मध्ये बोललेलं तुला आवडत नाही."

"आणि ठरवायला तुला किती दिवस लागले?"

"दिवस कुठले? त्याने विचारलं, मी हो म्हटलं. भाजी गॅसवर होती."

मला राग आला. लपवून काय करायचं. माझी नोकरी, माझा शिकाऊ मुलगा, माझ्या आयुष्याचा पेच, आणि उत्तर मात्र हिने देऊन टाकलं. पण फळ्याकडे नजर गेली आणि राग जरा लटपटला. तिथे आमची सगळी गल्ली काढलेली होती. तीन नंबरच्या सासूबाई, वेई काकूंचा दरवाजा, आजोबांचा पियानो, रविवारचा कोपरा. आणि आमच्या दाराशी, पेटीच्या बाजूला, बादली धरलेला एक छोटा माणूस. सोबतीला. तिच्या बोटांना शाई लागली होती आणि चेहरा जहाज कंपनीतल्या दिवसांसारखा दिसत होता. तो चेहरा मी किती वर्षं बघितला नव्हता, आणि बघितला नव्हता हेसुद्धा माझ्या लक्षात आलं नव्हतं.

"मग झाकणाचा प्रमुख?" मी हळूच विचारलं.

लिओ चुळबुळला. "ग्रेसचं म्हणणं आहे की बिजागऱ्या बाहेरून घ्याव्यात. चांगल्या कंपनीच्या."

वर्षअखेरच्या जेवणाला मी गेलो ते मान खाली घालून. कोंबडी आली तिला डोकंच नव्हतं. होंग साहेबांनी ते आचाऱ्याला काढायला सांगितलं होतं. ते माझ्या शेजारी येऊन बसले.

"तुझी बायको काल आली होती बिजागऱ्यांचा भाव करायला," ते म्हणाले. "मी दोनदा पाणी प्यायलो." मग स्वतःच्या हाताने माझ्या वाडग्यात कोंबडीची तंगडी घातली. "तिची ऑर्डर आता तू बघायची. माझ्याकडून होणार नाही. खा, हेन्री."

आता कंपनीत मला सगळे हेन्री म्हणतात. उपव्यवस्थापक झालेला पोरगाही. गल्लीत तर लहान मुलंसुद्धा. श्यू-छिनला यायला उशीर होतो, त्यामुळे संध्याकाळची गाडी माझ्याकडे असते. पेटीची नवी आवृत्ती आली आहे. ती दार स्वतः उघडते, रविवारी गप्प बसते, झाकण अजिबात करकरत नाही. फक्त सोबतीला माणूस लागतो. लिओचा आवाज लोकांना फार उत्साही वाटायचा, म्हणून तोही बदलला आहे.

परवा कोट काढून जरा कुठे सोफ्यावर टेकलो होतो. लांबून धून ऐकू आली, तिसरी ओळ नीट पार पडली, आणि दाराजवळून माझ्या बायकोचा आवाज आला.

"कांग मिंग-ते, उठ. खरकट्याची बादली विसरू नकोस."

मी उठलो आणि बादली आणायला आत गेलो.